रोमन खुर्दा: आईने चिंचेने घासलेलं एक नाणं

ढब्बूपैसा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज नाइलाजाने लिहायला बसलोय.

सध्या मुक्काम इंग्लंडातल्या लिंकनला. गावात रोमनांनी बांधलेली न्यूपोर्ट आर्च नावाची वेस आहे आणि तिच्याखालून आजही गाड्या जातात. अशा गावात राहून रोमन नाण्यांचा नाद न लागता तरच नवल. सोन्या-चांदीची नाणी खिशाला झेपत नाहीत, म्हणून मी खुर्द्याकडे वळलो. एका जुन्या दुकानदाराकडून पावतीसकट तीन नाणी घेतली. दोन इवलीशी, एक मोठं.

छोट्यांपैकी पहिलं लगेच ओळखलं. मागच्या बाजूला दोन शिपाई, त्यांच्यामध्ये दोन निशाणं, भोवती 'ग्लोरिया एक्झर्सिटस' म्हणजे 'सैन्याचा गौरव'. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, साधारण इसवी सन ३३० ते ३३५. पायाशी तीन अक्षरं आहेत: टी आर पी! हसू नका. टी आर म्हणजे ट्रिअर शहराची टांकसाळ आणि पी म्हणजे 'प्रिमा', तिथला पहिला विभाग. सतराशे वर्षांपूर्वीचा टीआरपी.

दुसऱ्यावर एक सैनिक घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय. हा 'फेल टेम्प रेपारातिओ' प्रकार, ३४८ नंतरचा. अर्थ साधारण 'सुखाचे दिवस परत आले'. चित्र बघता ते कोणाचे आले हे कळतंच.

घोळ तिसऱ्याचा आहे. हे मोठं, साधारण २६ मिलिमीटर, वजन ९.४ ग्रॅम. एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला नुसता उंचवटा. वर सुरेख गडद हिरवा थर होता. 'होता' म्हणतोय, कारण आई सध्या मिरजेहून आली आहे. परवा मी ऑफिसात असताना तिने देवाची भांडी घासायला काढली, आणि टेबलावर हे 'हिरवं पडलेलं' नाणं दिसलं म्हणून चिंच-मीठ लावून तेही घासून टाकलं. संध्याकाळी मला कौतुकाने म्हणाली, "बघ, कसं लख्ख निघालंय!" मी काही बोललो नाही. तिला नंतर दुकानदाराच्या पावतीवरून समजलं, आणि आता ती माझ्याहून जास्त हळहळतेय.

तर प्रश्न: १) नाण्याची किती वाट लागली? २) हे आहे तरी कोणाचं? ३) मिळून सगळ्यांनी या खुर्द्याबद्दल माहिती टाकावी. मी माझ्यापासून सुरुवात करतो.

रोमनांकडे आधी नाणी नव्हतीच, काशाचे ओबडधोबड तुकडे तोलून व्यवहार चालायचा. मग शिक्क्याच्या जाड विटा आल्या. दीड-दीड किलोची वीट, त्यावर बैल नाहीतर हत्ती. त्यानंतर, म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात, साच्यात ओतलेली गोल नाणी. मुख्य नाणं 'आस', आणि ते सुरुवातीला रोमन रत्तलभर, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास भरायचं! पाकिटात नव्हे, पोत्यात ठेवायची वस्तू. एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव, दुसऱ्या बाजूला जहाजाचं नाक. पुढे नाणी हलकी होऊन ठोकून पाडायला लागले तरी ही जोडी टिकली. रोमन पोरं नाणं उडवताना 'कापिता आउत नाविया' ओरडायची: डोकी की जहाज. आपला छापा-काटा.

तांबटआळी

मस्त धागा. ढब्बूपैसा, आईंना आधी माझा नमस्कार सांगा. आमच्या घरी तीन पिढ्या तांब्या-पितळेचं काम, त्यामुळे चिंचेची बाजू घेणं भाग आहे. तांब्याच्या हंड्याला चिंच चालते. जुन्या नाण्याला नाही चालत, कारण तो हिरवा थर म्हणजे मळ नव्हे. धातूचाच वरचा भाग शतकानुशतकं जमिनीत राहून बदललेला असतो, आणि अक्षरं-नक्षी बरेचदा त्या थरातच शिल्लक असते. तो गेला की नक्षीही गेली.

एक मात्र सांगा. घासल्यावर रंग कोणता निघाला, लाल की पिवळा?

ढब्बूपैसा

लालसर. गुलाबी म्हटलं तरी चालेल. का हो?

तांबटआळी

कारण इथेच अर्धं कोडं सुटतं. आपण सरसकट 'ब्राँझची नाणी' म्हणतो, पण पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या थोडं आधी जी घडी बसवली, तिच्यात दोन वेगळे धातू होते. सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस ही नाणी पितळेची (त्या पितळेला ते ओरिकॅल्कम म्हणत), आणि आस व क्वाड्रन्स शुद्ध तांब्याची. म्हणजे कासं (ब्राँझ) दोन्हीकडे नाही! तेही यायचं, पण पुढे मिश्रण ढिलं पडत गेलं तेव्हा.

पितळ हा त्या काळी साधा माल नव्हता. जस्त सुमारे ९०७ अंशांवर वाफ होऊन उडून जातं, तांबं वितळतं १०८५ला. म्हणजे दोन धातू नुसते मुशीत घालून चालत नाही. रोमन कारागीर जस्ताची खनिज माती आणि कोळसा तांब्याबरोबर बंद मुशीत तापवायचे. जस्ताची वाफ तांब्यातच मुरायची. या रीतीने पितळेत जस्त फार तर पाव हिश्श्याच्या थोडं वर जातं. पिवळंधमक, सोन्यासारखं. म्हणून तांब्याच्या आसपेक्षा थोडंच जड असलेलं ड्युपॉन्डियस दोन आसांचं. मोल धातूचं होतं, आकाराचं नाही.

तुमचं लाल निघालं असेल तर ते तांबं. म्हणजे आस.

रसायनी

थांबा थांबा, तांबटआळी. एवढ्यावर निकाल देऊ नका. आंबट-खारट द्रावणात पितळ घासलं तर वरवरचं जस्त आधी विरघळतं आणि तांब्याचा गुलाबी थर उरतो. नुसत्या पृष्ठभागाच्या रंगावर जाणं म्हणजे हळदीने माखलेल्या नवरीचा रंग ठरवण्यासारखं. कडेला जुना खोलवर ओरखडा किंवा चीर असेल तर ती भिंगाखाली बघा. आत लाल असेल तर तांबं, पिवळं असेल तर पितळ. नवा ओरखडा कृपया काढू नका, म्हणजे आईंचं आणि तुमचं पाप मिळून दुप्पट होईल.

तांबटआळी

मुद्दा मान्य. आमच्याकडेही पितळेची समई चिंचेत जास्त वेळ ठेवली की गुलाबी डाग पडतात. हे मला आधी सुचायला हवं होतं.

वाचनखूण

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

सावकारीण

माझ्या आवडीचा विषय निघाला. नाण्यांपेक्षा मला त्यांचा हिशेब आवडतो. ऑगस्टसच्या घडीत:

४ क्वाड्रन्स = १ आस, २ आस = १ ड्युपॉन्डियस, ४ आस = १ सेस्टर्शियस, ४ सेस्टर्शियस = १ डिनेरियस (चांदी), २५ डिनेरियस = १ ऑरियस (सोनं).

म्हणजे १६ आसांचा एक डिनेरियस. वाचलं आणि आजोबांचा सोळा आण्यांचा रुपया आठवला. नातं काही नाही, पण निम्मे-पाव-दोन आणे करायला १६ सोयीचे, हे दोघांनाही कळलं होतं. मजा पुढे आहे. इसवी सनपूर्व २११च्या सुमारास डिनेरियस निघाला तेव्हा तो १० आसांचा होता, म्हणून त्यावर रोमन दहाचा आकडा. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे अडीच आस. 'सेस्टर्शियस' शब्दाचा अर्थच 'तिसरा अर्धा', म्हणजे अडीच. चक्क अडीचकी! पुढे इसवी सनपूर्व १४१च्या आसपास डिनेरियस १६ आसांचा केला, सेस्टर्शियस आपोआप चारचा झाला, पण नाव अडीचकीचंच राहिलं. लिहितानाही दोन आणि अर्धा अशीच खूण करायचे.

किंमत कळावी म्हणून: पाँपेईतल्या एका दारूच्या गुत्त्याच्या भिंतीवर लिहिलंय की एका आसाला इथे प्यायला मिळेल, दोन दिले तर चांगली मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन प्याल. म्हणजे सगळ्यात भारी वाइन एका सेस्टर्शियसला. सार्वजनिक स्नानगृहात जायचं तर एक क्वाड्रन्स. ऑगस्टसच्या सैन्यात साध्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ डिनेरियस, म्हणजे ९०० सेस्टर्शियस, त्यातूनच जेवण-कपड्यांची कापाकापी.

उपटसुंभ

एका आसाला देशी आणि चाराला विलायती. काही बदललेलं नाही.

सडेतोड

परक्यांचा खुर्दा कसला गोळा करता? आपली शिवराई अजून हजारांनी वितळवली जातेय, तिच्याकडे बघा.

ढब्बूपैसा

शिवराया आहेत हो, सडेतोड. मिरजेच्या घरी आजीच्या डब्यात अकरा. त्यांनीच हा नाद लावला. तांब्याच्या नाण्याला लोक कवडीमोल समजतात म्हणून ते वितळवलं जातं, हीच तर दोन्हीकडची गोष्ट.

इतिहासकडू

वितळवण्यावरून आठवलं. सम्राट कॅलिग्युलाचा खून झाला इसवी सन ४१ मध्ये. त्यानंतर सिनेटने त्याची छबी असलेली तांब्या-पितळेची नाणी गोळा करून वितळवायचं ठरवलं, असं रोमन इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. उद्देश नाव पुसण्याचा. पण त्या धातूचं काय झालं म्हणाल, तर सम्राट क्लॉडियसची बायको मेसालिना हिने त्यातून म्नेस्टर नावाच्या नटाचे पुतळे करून घेतले! सिनेटने एका माणसाची आठवण पुसली आणि बाईंनी आपल्या लाडक्याची पाडून घेतली.

तरीही कॅलिग्युलाची पितळी नाणी आज बाजारात आहेत. त्यातला तीन बहिणींचा सेस्टर्शियस तर प्रसिद्धच: ॲग्रिपिना, ड्रुसिला, ज्युलिया एका रांगेत उभ्या. खुर्दा एवढा सगळीकडे पसरलेला असतो की तो पूर्ण गोळा करणं कुठल्याच सत्तेला जमत नाही.

माझं वैयक्तिक मत: रोमन कला बघायची तर सोन्यापेक्षा सेस्टर्शियस बघावं. २५ ग्रॅमचं, साडेतीन सेंटीमीटरचं तबक! कारागिराला जागा मिळते. सम्राट नीरोच्या सेस्टर्शियसवर रोमजवळच्या ओस्टियाचं अख्खं बंदर वरून पाहिल्यासारखं आहे, आत जहाजं. टायटसच्या नाण्यावर नुकतं बांधून झालेलं कोलोसियम, आत माणसं भरलेली. सोन्याच्या छोट्या चकतीवर हे होत नाही.

कोल्हापुरी_चप्पल

पण रोमन नाणी आपल्याकडे खूप आली ना? रोमन लेखक प्लिनी रडलाय की हिंदुस्थान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो म्हणून. म्हणजे पाच कोटी पितळी नाणी आपल्या बंदरांवर उतरली! मग सापडत का नाहीत?

सावकारीण

नाही हो. तो आकडा हिशेबाचा. रोमन माणूस घर, कर्ज, दंड सगळं सेस्टर्शियसमध्ये मोजायचा, जसं आपण बंगला लाखांत सांगतो, पण लाख रुपये नाण्यांत मोजून देत नाही. पाच कोटी सेस्टर्शियस म्हणजे सव्वा कोटी डिनेरियस, म्हणजे पाच लाख ऑरियस. खरोखर पितळेत आणायचं तर २५ ग्रॅमच्या हिशेबाने १२५० टन! मिरी घ्यायला जाणारं गलबत एवढं पितळ नेईल कशाला? लाल समुद्रातून येणारा व्यापारी सोनं-चांदीच आणणार. 'पेरिप्लस' नावाच्या त्या खलाशी-व्यापाऱ्यांच्या वाटाड्या पुस्तकातही भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलली की नफा होतो असंच लिहिलंय.

तगरवासी

सावकारीणताईंच्या बोलण्यात भर. दक्षिणेत चित्र वेगळं आहे. तमिळनाडूत, विशेषतः करूरला अमरावती नदीच्या पात्रात, आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली रोमन तांब्याची छोटी नाणी भरपूर मिळाली आहेत. अगदी धाग्यातल्या टीआरपीसारखी. श्रीलंकेत तर त्यांच्या स्थानिक नकलाही पाडल्या गेल्या. सुट्ट्या पैशांची चणचण असली की परदेशी खुर्दाही चालतो.

आपल्याकडे रोमन ओढ दिसते ती वेगळ्या रूपात. तेरला (जुनं तगर) रोमन नाण्यांच्या नकला असलेली मातीची पदकं निघाली. ती चलनासाठी नव्हेत, गळ्यात घालायला. आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरचा पोसायडनचा (ग्रीकांचा समुद्रदेव) ब्राँझचा छोटा पुतळा तर कोल्हापुरीरावांच्या दारातला. सातवाहनांचा स्वतःचा खुर्दा बराचसा शिशाचा आणि पोटिनचा (तांबं, कथील, शिसं यांचं मिश्रण), त्यांना रोमन आसाची गरज नव्हतीच.

कोल्हापुरी_चप्पल

१२५० टन. गणित बघून गप्प बसलो. पोसायडन पाहिलाय, पण तो रोमकडून आला हे आज कळलं.

रसायनी

आता धाग्याच्या पहिल्या प्रश्नाकडे. ढब्बूपैसा, चिंच-मीठ हे जोडीने वाईट आहे. मिठातलं क्लोराइड तांब्यात शिरतं, आणि दमट हवेत तिथून 'ब्राँझ डिसीज' सुरू होतो: पोपटी रंगाचे, पिठूळ, नखाने सुटणारे ठिपके. क्लोराइड, ओलावा आणि प्राणवायू मिळून थोडं आम्ल तयार होतं, ते पुन्हा तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड मोकळं. चक्र सुरू. गडद, टणक हिरवा थर म्हणजे तब्येत चांगली. पोपटी पावडर म्हणजे आजार.

ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, दोन-तीन आठवडे. मग नीट वाळवून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांत नको, पीव्हीसीतला चिकट अंश नाण्यावर उतरतो. लिंकनमध्ये ठीक, पण हेच नाणं रत्नागिरीच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलंत तर गणपतीपर्यंत पोपटी होईल. हे अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.

अवांतरवाली

अवांतर: पैशाला लॅटिनमध्ये 'पेकुनिया', तो शब्द 'पेकुस' म्हणजे गुरंढोरं यावरून. पेकुस आणि आपला 'पशु' हे भाऊ-भाऊ. विटांवर बैल का, याचं उत्तर तिथेच असावं.

कायदेपंडित

पावती जपून ठेवा. तुमच्याकडे इंग्लंडात १९९६च्या कायद्याने एकाच जागी दहा किंवा जास्त जुनी तांब्याची नाणी सापडली तर ती 'ट्रेझर' ठरतात आणि कळवावी लागतात. सुटं एक नाणं सहसा त्यात येत नाही. आपल्याकडे १८७८चा निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांवरच्या किमतीचं काही निघालं तर सरकारला कळवायचं. १८७८चे दहा रुपये, आजही तेच दहा.

इतिहासकडू

कळवल्याचा फायदा दिसतो. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमला एका हौशी शोधकाला शेतात मडकं लागलं. त्याने ते स्वतः उकरलं नाही, पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. आत ५२,५०३ नाणी, वजन १६० किलो, बहुतेक तिसऱ्या शतकातला चांदीचा मुलामा उडालेला खडकू माल. थरांप्रमाणे काढल्यामुळे नाणी कशी भरली गेली हेही कळलं. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ तोमारेसला २०१६ मध्ये पाण्याच्या पाइपसाठी खणताना १९ रांजण निघाले, ६०० किलो नाणी.

लोक एवढा खुर्दा पुरायचे कशाला, याला एकच उत्तर नाही. पण चौथ्या शतकातल्या भाववाढीचा भाग मोठा. सम्राट डायोक्लिशियनने २९४ मध्ये चांदीचा पातळ मुलामा दिलेलं १० ग्रॅमचं मोठं नाणं काढलं. चाळीस वर्षांत ते घसरत दीड-अडीच ग्रॅमवर आलं. धागाकर्त्याचा टीआरपी त्यातलाच. त्याच वेळी कॉन्स्टंटाइनचा सोन्याचा सॉलिडस, रत्तलात ७२, जागचा हलला नाही. पगार खुर्द्यात मिळणाऱ्याने काय करायचं? ३०१ मध्ये डायोक्लिशियनने हजारावर वस्तूंचे कमाल भाव दगडात कोरून लावले. भाव काही दगडाचं ऐकले नाहीत.

ढब्बूपैसा

मंडळी, अपडेट. एक) कडेला जुनी चीर आहे. भिंगाखाली आत लालच. रसायनींचा संशय फिटला, तांबटआळी जिंकले: तांबं, म्हणजे आस. दोन) डोक्याकडची बाजू परत पाहिली. हनुवटीखाली दाढी आहे, नक्की.

इतिहासकडू

दाढी असेल तर काळ आला टप्प्यात. हेड्रियनच्या (११७–१३८) आधीचे सम्राट बहुतेक तुळतुळीत, त्याच्यापासून दाढीची फॅशन. तांब्याचा आस, दाढी, ब्रिटनमधली खरेदी... माझ्या मनात एक नाव आहे पण आत्ता सांगत नाही. मागच्या बाजूच्या 'उंचवट्या'वर अंधारात टॉर्च अगदी आडवा, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. झिजलेली नक्षी सावलीत उठते.

ढब्बूपैसा

काल रात्री दिवे घालवून केलं. मी टॉर्च धरला, नाणं आई फिरवत होती. पंधरा मिनिटं मला नुसता दगडांचा ढीग दिसत होता. आईनेच थांबवलं: "थांब, थांब. ही बाई आहे. डोक्याला हात लावून बसलीय बघ. नाणं घासल्यावर मी बसले होते तशी."

इतिहासकडू

आईंना साष्टांग! ती ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं बाईरूप. सम्राट अँटोनायनस पायसचा आस, इसवी सन १५४-१५५. खडकावर बसलेली, मान खाली, हात डोक्याशी, बाजूला ढाल. मी हेच नाव धरून बसलो होतो, कारण हा आस मुख्यतः ब्रिटनमध्येच सापडतो. हेड्रियनच्या भिंतीजवळ कोव्हेंटिना देवीच्या झऱ्यात १८७६ मध्ये तेरा हजारांवर नाणी निघाली, त्यात या प्रकारचे तीनशेच्या वर. जिंकलेल्या मुलखाची बाई म्हणून रोमनांनी तिला डोक्याला हात लावून बसवलं, आणि १६७२ मध्ये इंग्रजांनी तीच बाई ताठ बसवून आपल्या तांब्याच्या अर्ध्या पेनीवर घेतली.

तांबटआळी

म्हणजे चिंचेने धातू कळला आणि चिंचवालीनेच बाई ओळखली.

ढब्बूपैसा

नाणं आता ऊर्ध्वपातित पाण्याच्या वाटीत आहे. पाणी बदलायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. वाटीवर चिकटपट्टी लावून लिहिलंय: 'पिऊ नये. घासू नये.' शेवटचे दोन शब्द तिनेच वाढवले.